आठ बोटांची धून

५ फेब्रुवारी

ताई,

चार महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. काम निघालं की भावाला बहीण आठवते, हे तुझं ठरलेलं वाक्य मीच लिहून टाकतो, म्हणजे तुझी एक ओळ वाचली.

आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड निघतेय. सात धुना. सोबत चार पानांचं पत्रक असतं, त्यात वाजवणारे कोण आणि संगीत कसलं ते लिहायचं. कंपनीचा माणूस म्हणाला, तुम्हीच कोणाकडून तरी लिहून आणा. मी म्हटलं, माझी बहीण छापखान्यात प्रुफं तपासते, दुसऱ्याच्या चुका काढण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. सगळे हसले. मास्तर तेवढा हसला नाही.

तर आम्ही चौघं. ड्रम्सवर दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसभर लोकांचे दात काढतात आणि सुट्टीच्या सकाळी आमचे. वाजवायला बसल्या की एवढी हलकी काठी फिरते की ऐकणाऱ्याने आपण होऊन पुढे सरकावं. बास गिटारवर वायरमन. त्याची बोटं जाडजूड, कामावर भाजलेली, बोलणं दिवसाला दहा वाक्यं. सॅक्सोफोनवर मास्तर. तीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त, पण नजर अजून कॉपी पकडणाऱ्याची. आणि कीबोर्डवर तुझा भाऊ, एरवी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला कारकून.

गाणारं कोणी नाही, नुसती वाद्यं. जॅझ फ्यूजन म्हणतात. एक धून ठरवायची, मग प्रत्येकाने पाळीपाळीने ती घेऊन वाटेल तिकडे भटकायचं आणि वेळेवर घरी परतायचं, हे झालं जॅझ. त्यात विजेवरची वाद्यं, नाचाचे ठेके, सात-दहा मात्रांचे हिशेब असं सगळं घातलं की फ्यूजन.

तालीम डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात होते, पेशंट बसतात त्या बाहेरच्या खोलीत. आमचा एक रिवाज आहे. ज्याने धून आणली त्याने पहिल्यांदा ती वाजवायची नाही. आत दातांच्या खुर्चीत जाऊन बसायचं, दार लावून, आणि बाहेर बाकीचे तिघं कागद बघून वाजवतात ते ऐकायचं. आपलं पोर शेजाऱ्यांकडे कसं वागतं ते कळतं, असं बाईंचं म्हणणं. दुसरा नियम जास्त कडक. दुसऱ्याची धून आपली म्हणून आणली तर त्याच दिवशी वाद्य उचलून चालू लागायचं. माझ्या आधीचा कीबोर्डवाला असाच गेला.

सातवी धून माझी आहे. रेकॉर्डमधली सर्वांत चांगली, हे वायरमनसुद्धा म्हणाला, म्हणजे दहातलं एक वाक्य त्याने तिच्यावर खर्च केलं. पण त्या दिवशी मी आत खुर्चीत बसलो असताना बाहेर वाजवणं मध्येच थांबलं. कुजबुज. मग मास्तर माझ्या कीबोर्डवर एकटाच ती धून एकेक सूर करून वाजवत होता, बराच वेळ. मी दाराला कान लावला, आणि बाईंनी तेवढ्यात दार उघडलं. कपाळावर अजून टेंगूळ आहे.

तेव्हापासून मी खोलीत शिरलो की बोलणं बंद होतं. मास्तरला ती धून हवी आहे, मला खात्री आहे. त्यामुळे पत्रकात एक गोष्ट ठसठशीत येऊ दे. सातवी धून माझी. भाऊजींना नमस्कार.

छोट्या

१४ फेब्रुवारी

छोट्या,

तुझ्या पत्रात 'माझी' हा शब्द कुठे कुठे आलाय ते मी पेन्सिलीने खुणा करून पाहिलं. सवय आहे. सहा धुनांबद्दल चकार शब्द नाही आणि सातवीवर पाऊण पान.

पत्रक लिहीन. एवढी ओळख करून दिलीस ती छान आहे, डॉक्टरीणबाई मला आत्ताच आवडल्या. तुझ्या नशिबी दार उघडणारी बाई आली हे बरंच झालं, दाराला कान लावायची खोड तुझी शाळेपासूनची.

पण न चाखता मिठाचं मी सांगायची नाही. टेप पाठव, सातही धुना. आणि त्या दिवशी तू बाहेर आल्यावर मास्तर तुला नक्की काय म्हणाला? 'कॉपी पकडणाऱ्याची नजर' हे तुझं मत झालं. त्याचे शब्द लिही. मला मास्तरचाही भरवसा वाटत नाही, निवृत्त माणसाला रिकामा वेळ फार. पण कोणाला चोर म्हणायच्या आधी त्याने काय चोरलं ते तरी कळू दे.

इकडे ठीक. ह्यांची गुडघेदुखी आणि माझा चष्म्याचा नंबर, दोन्ही वाढत्या अंगाची आहेत.

ताई

२३ फेब्रुवारी

ताई,

टेप सोबत आहे. सहा धुना आहेत. सातवीची टेप नेमकी मशीनमध्ये गुंतली, नंतर पाठवतो.

मास्तर काय म्हणाला विचारतेस. काहीबाही विचारत होता, बोटांबद्दल. मी लक्ष दिलं नाही. त्यापेक्षा पुढचं ऐक. गेल्या तालमीला मी मुद्दाम अर्धा तास लवकर गेलो. मास्तर आधीच हजर, एकटा. मांडीवर वही, वहीत माझी धून स्वतःच्या अक्षरात उतरवलेली, काही सुरांभोवती लाल गोल. वर नावाची जागा कोरी. मी म्हटलं, काय चाललंय मास्तर? तर म्हणाला, "काही नाही, एक गणित सुटत नाहीये." आणि वही मिटली. सांग आता, कोरी जागा कशाला ठेवतात लोक? नाव घालायलाच ना?

वायरमन त्याला मिळालाय. परवा जिन्यात दोघं बोलत होते. वायरमन म्हणाला, "सांगून टाका की त्याला." मास्तर म्हणाला, "अजून थोडं थांबू." मी वर आलो तर वायरमन विजेचा मीटर बघायला लागला. दहा वर्षांचा जुना मीटर, त्यात बघण्यासारखं काय आहे? डॉक्टरीणबाई तर मला हल्ली फारच गोड बोलतात. मागच्या वेळी, दुखतंय का काही, असं विचारलं. माझे दात धडधाकट आहेत.

ताई, कारकुनी कोणीही करतं. चाळीस वर्षांत मला नीट जमलं असं हे एकच आहे. ही माणसं मला बाहेर काढायच्या तयारीत आहेत, आणि मी गेलो तर पुन्हा कुठल्या बँडमध्ये बसणार?

म्हणून एक मागणं आहे. नाही म्हणू नकोस. तू मला एक पत्र लिही, दोन वर्षांपूर्वीची तारीख घालून. त्यात लिही की तुझी नवी धून पोचली, सात मात्रांची, फार आवडली. एवढंच. मी ते जपून ठेवीन आणि वेळ आली तरच दाखवीन.

छोट्या

६ मार्च

छोट्या,

टेप चार वेळा ऐकली. आधी संगीताचं सांगते, कारण त्याला कोणाच्या भांडणाचं देणंघेणं नाही.

पहिली धून सुरू झाली तेव्हा हे म्हणाले, कोणीतरी भांडी लावतंय वाटतं. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा पाय हलायला लागला. तुझा वायरमन दिवसाला दहाच वाक्यं का बोलतो ते मला दुसऱ्या धुनेत कळलं. मास्तरचा सॅक्सोफोन मी लबाड असेल म्हणून कान टवकारून ऐकत होते, पण तो सगळ्यांत सरळ निघाला. एकही सूर उगाच नाही. चौथीत तो तुझ्यासाठी थांबतो, तुझं भटकणं लांबलं तरी घाई करत नाही. जो धून चोरणार तो असा थांबेल का, असं मनात आलं. आणि बाईंच्या काठ्या. मला तर वाटलं कोणीतरी माझ्याच खोलीत आहे. ह्या सहांवर पत्रक आत्ता लिहिता येईल.

आता तुझं. सहा धुना धडधाकट आणि सातवीच मशीनमध्ये गुंतली. बोटांबद्दल काहीबाही विचारलं आणि तू लक्ष दिलं नाहीस. अरे, तू तो माणूस आहेस की शेजारी खोकला तरी आपल्यावरच खोकला म्हणतोस. तुझ्याबद्दल कोणी काही विचारलं आणि तू लक्ष दिलं नाहीस, हे मला पटत नाही. खरं सांगायचं तर मला आता मास्तरचा संशय येत नाही. तुझा येतो.

खोट्या तारखेचं पत्र मी लिहिणार नाही. आणि तुझी असेल तर ते लागणारही नाही. सातवी पाठव.

ताई

१५ मार्च

बाई,

आपली ओळख नाही. आपल्या भावाच्या बँडमध्ये मी सॅक्सोफोन वाजवतो. पत्रक आपण लिहिताय म्हणून पत्ता त्याच्याकडून आधीच घेतला होता. हे पत्र त्याला न सांगता लिहितोय आणि ते मला बरं वाटत नाही, हे आधी सांगतो.

सातवी धून आपल्यापर्यंत पोचली नाही असं कळलं. सोबत पाठवतोय.

ती मी पहिल्यांदा त्याच्या कीबोर्डवर वाजवून पाहिली तेव्हा बोटं अडखळली. उजव्या हाताला खाली एक सूर, मग एकदम उडी, आणि वर लगतचे दोन सूर. सगळी धून अशी. मधे जे सूर सहज यायला हवेत ते डावा हात उजव्यावरून ओलांडून येऊन वाजवतो. एवढी सर्कस कोणी कशाला करेल? मी अंगठा, करंगळी आणि शेजारचं बोट एवढीच वापरली, आणि धून पाण्यासारखी वाहिली. ही धून ज्या हातासाठी झाली त्याची तर्जनी आणि मधलं बोट चालत नव्हतं. पाच आणि तीन, आठ बोटांची धून आहे.

मी त्याला विचारलं, तुझी ही बोटं कधी दुखावली होती का? त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो नाही म्हणाला. तेव्हापासून आम्ही तिघं शंकेत आहोत. आमचा नियम त्याने आपल्याला सांगितला असेल. तो मुलगा मला आवडतो. तो गेलेला मला नको आहे, पण दुसऱ्याचं नाव खोडलेलंही नको आहे.

आपल्या घरात कोणाची ती बोटं गेली होती का?

मास्तर

२० मार्च

मास्तर,

आपलं पत्र आणि टेप मिळाली. हो, बोटं भावाचीच दुखावली होती. नऊ वर्षांचा असताना घरच्या पायपेटीचं झाकण पडलं आणि दोन बोटं सहा आठवडे प्लास्टरमध्ये होती. त्या दिवसांत राहिलेल्या बोटांनी तो काहीतरी वाजवत बसायचा. तीच ही धून. लहानपणीचं दुखणं सांगायची त्याला लाज वाटली असेल, म्हणून नाही म्हणाला.

धून त्याचीच आहे. आपली शंका फिटली असेल अशी आशा करते. पत्रक महिनाअखेर पाठवते.

छोट्याची बहीण

११ एप्रिल

ताई,

तीन आठवडे तुला पत्र लिहायला बसतो आणि उठतो.

टेप मशीनमध्ये गुंतली नव्हती. तू सातवी ऐकलीस तर दुसऱ्या ओळीत ओळखशील, म्हणून पाठवली नाही.

पण ही धून मी जाणूनबुजून उचलली नाही, एवढं खरं मान. वर्षापूर्वी कचेरीतून येताना ती डोक्यात आली. कागदावर उतरवली तेव्हा मला खरंच वाटलं माझी आहे. रिवाजाप्रमाणे आत खुर्चीत बसलो, बाहेर मास्तर एकेक सूर वाजवत होता, आणि मला आपली जुनी खोली दिसली. तू माझ्या डाव्या बाजूला, माझा डावा हात उचलून उजव्याच्या पलीकडे ठेवतेयस. "इथे, गाढवा, इथे." मग मी बाहेर आल्यावर मास्तरने बोटांचं विचारलं. त्या क्षणी हो म्हणालो असतो तर एका वाक्यात सुटलो असतो. नाही म्हणालो आणि मग सगळे चोर दिसायला लागले. खोट्या तारखेचं पत्र मी त्यानंतर मागितलं. सगळं माहीत असताना. त्याची मला जास्त लाज वाटते.

गेल्या तालमीला गेलो, कीबोर्ड पिशवीतून काढलाच नाही. उभ्यानेच सांगितलं, सातवी माझ्या बहिणीची आहे, तिने मला वाजवता यावी म्हणून केली होती. आता तुमचा नियम लावा.

मास्तरने खिशातून तुझं पत्र काढलं आणि मला वाचायला दिलं.

"बहीण म्हणते तुझी, तू म्हणतोस बहिणीची," तो म्हणाला. "बाकी लोक धून पळवतात. तुम्ही दोघं एकमेकांच्या दारात टाकून पळताय."

वायरमन म्हणाला, "ह्या घरात एकाचं तरी खरं असेल ना?" मग म्हणाला, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, त्याला सरळ सांगून टाका." म्हणजे माझा संशय खरा होता, ताई. ते माझ्याबद्दलच बोलत होते. फक्त चोर मी होतो.

डॉक्टरीणबाई नियमावर अडून बसल्या. नियम आहे, आधीच्याला लावला, ह्यालाही लावा. मास्तर म्हणाला, तो पकडला गेला होता, हा स्वतःच्या पायांनी आलाय. तासभर वाद झाला आणि मी कोपऱ्यात पेशंटच्या बाकावर बसून होतो. शेवटी ठरलं ते असं. सहा धुना मी वाजवायच्या. सातवीचं काय करायचं ते जिची असेल ती ठरवेल. ठेवायची की काढायची, कोणी वाजवायची, नाव माहेरचं घालायचं की सासरचं. तुझं पत्र येईपर्यंत सातवी बंद. पण बाई म्हणाल्या, ह्या वेळी तिने खरं लिहावं.

तू खोटं का लिहिलंस ताई? मी मागितलं तेव्हा नाही म्हणालीस, आणि मग न मागता दिलंस.

छोट्या

१८ एप्रिल

छोट्या,

खरं लिहायचं तर पायपेटीपासून लिहावं लागेल.

ते झाकण आपोआप पडलं नव्हतं. तू आजवर तसंच समजतोस, आईही शेवटपर्यंत तसंच समजत होती. त्या सकाळी बाबांनी सांगितलं की शिकवायला येणारे गुरुजी दोघांना शिकवणार नाहीत, एकालाच, आणि तो एक म्हणजे तू. मी तुझ्या आधी सहा वर्षं वाजवत होते. तू लगेच जाऊन बसलास आणि मला वाकुल्या दाखवल्यास. मी झाकण आपटलं. दोन बोटं सुजून निळी झाली तेव्हा मी सर्वांत मोठ्याने रडले, म्हणून माझ्यावर कोणाचा संशय गेला नाही. हे मी एकतीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. काल ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, छोट्याला लिही.

सहा आठवडे तुझा हात वाया जाऊ नये म्हणून मी ती धून करायला घेतली. दोन बोटांची भरपाई. मास्तरचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, ही संधी आहे, धून तुला देऊन टाकली की झाकणाचं फिटलं. म्हणून खोटं लिहिलं. मागितलंस तेव्हा दिलं असतं तर ते तुझ्यासाठी झालं असतं. हे मी माझ्यासाठी केलं.

पत्र पेटीत टाकलं आणि आठ दिवस मी सगळ्यांवर खेकसत होते. छापखान्यात एका लेखकाच्या प्रुफावर एवढं लाल केलं की मालक विचारायला आले, घरी सगळं ठीक आहे ना. मग मी मास्तरने पाठवलेली टेप पुन्हा लावली. ऐकता ऐकता एक गोष्ट आठवली, आणि ती तुला सांगायलाच हवी. पहिला भाग मी तुझ्या बोटांसाठी केला. दुसऱ्या भागात, जिथे डावा हात ओलांडून वर जातो आणि परत यायचं नाव घेत नाही, तिथे मी तुझी बोटं साफ विसरले होते. प्लास्टर, बाबा, गुरुजी, सगळं विसरले होते. मला फक्त पुढचा सूर काय हे बघायचं होतं. आयुष्यात तसं मला पुन्हा कधी झालं नाही. ते तुझ्यासाठी नव्हतं आणि ते मी भरपाईत देणार नाही.

तुझी दोन बोटं मी मोडली, त्याची माफी मागते. तू माझी धून घेतलीस, त्याचा मला राग आहे, अजून आहे, आणि तो काही दिवस राहील. दोन्ही वेगवेगळं ठेवू या. एकातून दुसरं वजा करायचं नाही, हे तुमच्या मास्तरांनाही सांग.

सातवी ठेवायची. वाजवायची तूच. टेपवर तू दुसऱ्या भागात ती दोन बोटं मधे घालून उड्या भरून काढल्यास, आता चांगली आहेत म्हणून. ते ऐकून मला कसंतरी झालं. ती जागा रिकामीच ठेवायची. उडी मारायची, पडलास तर पड. सॅक्सोफोनने तिथे काही भरू नये, आणि बाईंनी काठ्या आणखी हलक्या कराव्यात. माझं खरं लिहिणं त्यांना पुरेसं वाटलं नाही तर मला विचारावं, मी उत्तर देईन.

नावाचं विचारलंस. सासरचं नको, तेव्हा हे घर नव्हतं. माहेरचंही नको, त्या घराने गुरुजी तुला दिले. माझं नुसतं नाव लिही, पुढे मागे काही न लावता. पत्रकाला उशीर झाला, आज टपालात टाकतेय, चौघांची ओळख आणि सहा धुना सविस्तर लिहिल्या आहेत. सातवीखाली फक्त एक ओळ मोकळी सोडली आहे. ती तू तुझ्या अक्षरात भर, आणि छपाईआधी त्या ओळीचं प्रूफ मला पाठव.

ताई